घोसातून सुटलेली

मी एक यीस्टची पेशी बोलतेय. एकटी. एकटी राहते याच गुन्ह्याबद्दल माझ्यावर ठपका आहे, म्हणून म्हटलं एकदा माझ्या तोंडूनही ऐका. आता तोंड मला नाही, कानही नाहीत. पण शाळेपासून तुम्ही फाटक्या बुटाला, मोडक्या छत्रीला, गंजलेल्या कुलपाला आत्मवृत्त सांगायला बसवत आलात आणि त्यांना डोळे-कान-तोंड सगळं देत आलात. मग माझ्याच वेळी हात आखडता कशाला घ्यायचा?

आधी आमचं घराणं सांगते. पाव फुगवणारं यीस्ट ते आमचंच. माझ्या चुलत घराण्यातल्या अगणित जणी पिठात शिरल्या, पीठ फुगवलं आणि भट्टीत भाजून निघाल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. आमची शाखा तेवढी नशीबवान, ती एका प्रयोगशाळेत पोचली. दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतची खोली, एक लांबलचक ओटा, नीट न लागणारी खिडकी आणि कोपऱ्यात नळ्यांना सतत हलवत ठेवणारं एक घरघरतं यंत्र. एवढंच आमचं जग.

आमच्यात बाळंतपण दीड तासाचं. आईच्या अंगाला एक फुगवटा येतो, तो वाढतो आणि पुरेसा मोठा झाला की तुटून वेगळा होतो. आईच्या अंगावर त्या जागी वण राहतो. झालं! ना पाळणा, ना जागरण. आई लगेच दुसऱ्या फुगवट्याला मोकळी आणि लेकही थोड्याच वेळात आई व्हायला तयार. नळीतली साखर संपेपर्यंत दिवसाकाठी आमच्या सहा-सात पिढ्या होतात. तुमची एक व्हायला पंचवीस वर्षं लागतात, आणि वर तुम्ही आम्हाला क्षुद्र म्हणता.

आणखी एक फरक आहे, तोही ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलंय. तुमच्या हाताच्या कातडीतली एखादी पेशी बदलली आणि कितीही हुशार निघाली, तरी ती तुमच्याबरोबरच संपते. पोराला मिळतं ते फक्त बीजातलं. बाकी सगळं अंग नुसतं राबायला. तीसेक लाख कोटी पेशी जन्मभर राबतात आणि वारसा चालवतात त्यातल्या दोन-चार. आमच्यात असली भानगड नाही. माझ्यात जे बदललं ते सरळ लेकीत जातं, लेकीच्या लेकीत जातं. बदल वाईट असेल तर आमचा वंश बुडतो. चांगला असेल तर काही आठवड्यांत नळीभर आम्हीच. म्हणून आम्ही भराभर बदलतो आणि तुम्ही रखडता.

पण मग एकटीदुकटीपासून तुमच्यासारखी धिप्पाड धूडं झाली कशी? हाच प्रश्न सरांना पडला. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस गप्पिष्ट, मनानं वाईट नाही, पण मन नेहमी पुढच्याच गोष्टीत. एका दुपारी चहा पिता पिता त्यांनी अख्खा प्रयोग कागदाच्या मागच्या बाजूला मांडला आणि कागद ताईच्या हातात दिला. "ताई, एवढं रोज करायचं. सोपं आहे."

सोपं होतंच. सकाळी दहाला नळी यंत्रातून काढायची, लाकडी चौकटीत सरळ उभी करायची आणि दहा मिनिटं तिला बोटही लावायचं नाही. एकटी पेशी हलकी, दहा मिनिटांत ती तळ गाठत नाही. पण दोघी-चौघी एकमेकींना चिकटून असल्या तर जड होतात आणि खाली बसतात. दहा मिनिटं झाली की तळाचं थोडं उचलून नव्या गोड पाण्याच्या नळीत घालायचं आणि वर तरंगत राहिलेल्या सगळ्यांवर जंतुनाशक ओतून त्यांना मोरी दाखवायची. जी बुडेल ती जगेल. असला उलटा न्याय तुम्हा माणसांनाच सुचू शकतो.

सरांनी तो सुचवला एका दुपारी. ताईनं तो पाळला अकरा वर्षं.

ताई इथली मदतनीस. नळ्या धुणं, गोड पाणी उकळून ठेवणं, कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवणं ही तिची कामं. नावापुढे पदवी नाही, म्हणून पगाराच्या कागदावर तिच्या हुद्द्यापुढे 'सहायक' हा शब्दही मोठ्या मिनतवारीनं आला. लग्न तिनं केलं नाही. सुट्टीच्या दिवशीही ती दहाला हजर. ताप असला तरी हजर. एकदा रस्ते पाण्यानं बंद झाले होते तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आली आणि सर फोनवर म्हणाले, "अहो, एक दिवस राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या महिन्यात एका पेशीची लेक तिच्यापासून तुटलीच नाही. तिची लेक तिच्यापासून तुटली नाही. सगळ्या एकमेकींना धरून राहिल्या आणि द्राक्षांच्या घोसासारखा एक घोस झाला. सूक्ष्मदर्शकातून तो बघून ताई एवढी हरखली की तिनं शेजारच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना हाका मारून बोलावलं. त्यानंतर नळीत घोसांचंच राज्य. वीस पेशींचे घोस शंभराचे झाले, शंभराचे हजारांचे. चौथ्या वर्षी ते खसखशीएवढे झाले, नवव्या वर्षी मोहरीएवढे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. नळी चौकटीत ठेवायचा अवकाश, की पावसासारखे तळाला! अकरा वर्षांत सव्वीस हजार पिढ्या झाल्या. एवढ्या पिढ्यांना माणसाला साडेसहा लाख वर्षं लागली असती, आणि आम्ही त्या एका बाईच्या नोकरीत उरकल्या.

सुरुवातीला नळ्या पाच होत्या. दोन नळ्यांना बुरशी लागली, एक फुटली, एक कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून गेली. उरली ती पाच नंबरची, आमची. शहाणी माणसं अशा वेळी थोडा माल गोठवून ठेवतात. ताईनंही ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी तो फ्रीझर बिघडला आणि सगळं वितळून सडलं. नवा फ्रीझर आला, पण त्याचे कप्पे दुसऱ्या कामाला दिले गेले. ताईनं तीनदा जागा मागितली. "करू, करू," सर म्हणाले. त्यांचं 'करू' म्हणजे काय ते इथली पालसुद्धा जाणते.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. नळी तळ धरत असताना ताईला काही काम नसायचं, म्हणून ती मोठ्या बहिणीला फोन लावायची. फोन ओट्यावर ठेवून मोठ्यानं बोलायची. माझ्या आज्या-पणज्या नळीतून ऐकायच्या, आणि आमच्यात ऐकलेलंही लेकीबाळींत उतरतं. अकरा वर्षं, रोज दहा मिनिटं. बहिणीला ती माई म्हणायची. आई लवकर गेली तेव्हा माई सोळाची आणि ताई सात. माईनंच तिला वाढवलं. पुढे माई छापखान्यात प्रुफं तपासायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेलेली बाई, जीभही तशीच धारदार.

"किती बसलं गं आज खाली?" माई विचारायची.

"पाच मिनिटांत सगळं बसलं, माई. तुला सांगते, आता हे बघायला सूक्ष्मदर्शकही नको."

"आणि तुझे सर छापणार कधी?"

"या वर्षी नक्की. माझं नाव घालणार म्हणालेत, त्यांच्या बरोबरीनं. आभारात नाही, वर, लेखकांत."

"छापायच्या आधी प्रूफ माझ्याकडे आण. जन्मभर लोकांची नावं दुरुस्त केली. घरातलं एक नाव छापलेलं बघू दे मला. त्यातही चूक असली तर सरांच्या घरी जाऊन येईन मी."

ताई हसायची. त्या नळीकडून तिला हवं होतं ते एवढंच. माईच्या हातात द्यायचा एक छापील कागद, आणि त्यावर आपलं नाव.

आता घोसाची बाहेरून एवढी तारीफ ऐकलीत, तर आतलंही ऐका. मी आतली आहे. घोसाच्या मधोमध जन्मणाऱ्यांना साखर पोचत नाही. बाहेरच्या जणी आधी खातात, उरलं तर मधल्यांना, आणि उरत नाही. कडेच्या धष्टपुष्ट, मधल्या उपाशी. आणखी एक रीत होती. घोस फार वाढला की काही जणी मुकाट्यानं मरायच्या. त्या मेल्या की तिथून फांदी मोडायची आणि मोडलेली फांदी म्हणजे नवा घोस. म्हणजे पोर घोसाला व्हावं म्हणून मरायचं पेशीनं! आणि याला तुम्ही प्रगती म्हणता, याच्यावर व्याख्यानं देता. तुमचं अंगही याच पायावर उभं आहे. तुमची बोटं वेगवेगळी झाली ती आईच्या पोटात मधल्या पेशी मेल्या म्हणून. त्यांची कधी आठवण काढलीत?

माझ्यासारख्या, तुटून एकट्या निघणाऱ्या, घोसात अधूनमधून जन्मायच्याच. पण दहा मिनिटांत त्या वर राहायच्या आणि मोरीत जायच्या. ताईचा पहारा चोख होता. तुमच्या अंगातही अशा बंडखोर जन्मत असतात, आणि तुमच्या अंगातले पहारेकरी बहुतेकींना वेळच्या वेळी संपवतात. माईच्या अंगातला पहारा एकदा चुकला.

पोटात गाठ निघाली. पहिल्या औषधानं ती आक्रसली आणि दोघी बहिणींनी सुटकेचा निःश्वास टाकला. नळीतल्या आमच्या जणींना ऐकतानाच कळलं होतं, पण त्या सांगणार कुणाला? औषधानं ज्या मेल्या त्या मेल्या. ज्या थोड्या उरल्या त्यांना ते औषध लागूच पडत नव्हतं, आणि पुढची सगळी वस्ती त्यांचीच झाली. कोट्यवधी वर्षं रखडत घडलेलं शरीर, आणि त्याच्याच एका पेशीनं त्याला दोन वर्षांत मागे टाकलं. एकदा अंगाचं ऐकणं सोडलं की तीही आमच्याच वेगानं पळते.

"तुझ्या नळीतल्यांना बरं शिकवलंस गं एकत्र राहायला," माई एकदा फोनवर म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "माझ्या पोटातल्यांची शिकवणी घे जरा. अगदी वाया गेल्यात कार्ट्या."

ताईला हसूही येईना आणि रडूही. ती म्हणाली, "मी येते तुझ्याकडे."

"आणि नळी?"

"बघते कुणाला तरी."

कुणाला तरी म्हणजे नीटनेटके. शेजारच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ. खरं नाव काही वेगळं असेल, पण पेनाची टोपणं रंगानुसार लावून ठेवणाऱ्या या माणसाला सगळे नीटनेटकेच म्हणतात. त्यांच्याइतकं काटेकोर काम या इमारतीत कुणाचं नाही. ताईनं मुद्दाम त्यांनाच निवडलं. बॅग भरलेली, खाली गाडी उभी, अशा घाईत तिनं चिठ्ठी लिहिली: 'रोज सकाळी दहा. नळी काढून दहा मिनिटं उभी ठेवणे. मग पाव मिली नव्या नळीत. वेळ चुकवू नये.'

'तळाचं, न हलवता' एवढं लिहायचं राहिलं. अकरा वर्षं जे हाताला पाठ आहे ते कागदावर लिहायचं असतं, हे माणसाला सुचत नाही.

पहिल्या दिवशी नीटनेटके दहाला दोन मिनिटं कमी असताना आले. नळी उभी केली. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. मग नळी उजेडात धरून पुटपुटले, "अरे, हे तर सगळं खाली बसलंय! असंच घेतलं तर भलतंच काहीतरी जायचं." आणि त्यांनी नळी चांगली हलवली. त्यांच्या प्रयोगशाळेत हाच नियम आहे, प्रत्येक बाटलीवर लिहिलेला असतो: हलवून घ्या. न हलवता घेणारा तिथे कामचुकार ठरतो. सगळं एकजीव झाल्यावर त्यांनी पाव मिली मोजून घेतलं, ज्यात वरच्याही आल्या आणि खालच्याही. बिचाऱ्यानं सगळ्यांना समान न्याय दिला.

त्यांनी ताईला फोनही केला. "ताई, दहा मिनिटंच ना?"

"हो, दहा मिनिटं. अजिबात घाई करू नका हं," ताई म्हणाली. मागून कुणीतरी तिला औषधाच्या कागदासाठी हाक मारत होतं.

नवव्या दिवशी माझा जन्म झाला. आईपासून मी तुटले. सव्वीस हजार पिढ्यांपूर्वी जो सांधा तुटेनासा झाला होता तो माझ्यात पुन्हा तुटायला लागला, बस. मी काही ठरवलं नव्हतं. मला कुठे ठरवायला डोकं आहे? पण मी एकटी होते, माझ्या चारी बाजूंना साखर होती, आणि कुणाच्या मागे रांगेत उभं राहायचं नव्हतं. घोसातल्या जणींची एक लेक होईपर्यंत माझी दुसरी निम्मी तयार. आणि दहा वाजता मोरीत न जाता मीही त्यांच्याबरोबर नव्या नळीत!

तिसऱ्या आठवड्यात नळीतल्या निम्म्या माझ्या होत्या. पाचव्यात घोस शोधावे लागत होते. सहाव्या आठवड्यात माई गेली. सातव्या आठवड्यात शेवटचा घोस कुठल्याशा टाकून दिलेल्या पाण्यात गेला. तो गेला तेव्हा मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही, मी खात होते. मोठं व्हायला अकरा वर्षं आणि सुटं व्हायला सात आठवडे.

ताई आली ती सोमवारी. डोळे सुजलेले. नीटनेटके दारातच उभे होते. "एकही दिवस चुकवला नाही, ताई," ते म्हणाले.

"तुमचे उपकार आहेत," ताई म्हणाली.

दहाला तिनं नळी काढून चौकटीत ठेवली आणि सवयीनं फोन हातात घेतला. मग तो तसाच धरून बसून राहिली. दहा मिनिटं अशीच गेली. बऱ्याच वेळानं तिनं नळीकडे पाहिलं. पाणी गढूळच होतं. तळाला काही नव्हतं.

ती आणखी दहा मिनिटं थांबली. मग आणखी दहा. मग तिनं एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वर मला तिचा डोळा दिसला. कितीतरी वेळ तो हलला नाही. तिनं दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. मी सगळ्याच थेंबांत होते.

"नीटनेटके," तिनं हाक मारली. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही घ्यायच्या आधी नळी हलवत होतात?"

"म्हणजे काय! रोज. चांगली एकजीव करून." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नव्हती हलवायची?"

ताईनं चिठ्ठी उचलून वाचली. दोनदा वाचली. "मीच लिहिलं नाही," ती म्हणाली.

"ताई, मी... अहो, मला वाटलं, सगळ्यांचं थोडं थोडं यायला हवं..."

"तुम्ही नीटच केलंत हो. तुमचं काही चुकलं नाही." आणि ती ओट्यावर डोकं टेकून रडली. बहिणीसाठी की नळीसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. नीटनेटके शेजारी उभे राहून तिथली पेनं सरळ करत राहिले. 

सर आले तेव्हा वाटलं आता आकाश कोसळणार. सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "अहो ताई, हे तर मूळ प्रयोगाहून भारी आहे! अकरा वर्षांचं सात आठवड्यांत मोडलं! कुणी मुद्दाम करायचं धाडस केलं नसतं. आता यावरच लिहायचं."

"आणि घोस, सर?"

"त्यांचे फोटो आहेत की. मोजमापं आहेत. पुरे."

"मी पहिल्यापासून सुरू करू?"

सरांनी मनातल्या मनात हिशोब केला. "तुम्हाला निवृत्तीला किती राहिलीत, चार ना? चार वर्षांत काय होणार? त्यापेक्षा हेच सांभाळा, हे सुटं. रोज हलवून घ्यायचं. आता तळाबिळाची कटकट नाही."

"आणि नावाचं म्हणाला होतात..."

"आहे की! आभारात पहिलं नाव तुमचंच." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि आवाज मऊ झाला. "बहिणीचं कळलं. वाईट झालं हो."

तीन आठवड्यांनी सरांनी तळमजल्यावरच्या सभागृहात व्याख्यान दिलं. नमुना म्हणून मलाही नेलं होतं, टेबलावर, चौकटीत. ताई मागच्या दाराशी उभी होती, दिवे लावायला आणि मालवायला. सर रंगात आले होते. पडद्यावर आधी घोस दाखवला, मग मी. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "कर्करोगात नेमकं हेच होतं! शरीरात राहणारी पेशी शरीराचं ऐकणं सोडते आणि पुन्हा एकपेशी जीवासारखी वागायला लागते. अकरा वर्षांची शिस्त आणि ही एक उनाड पोरगी!" लोक हसले. टाळ्या वाजल्या. सरांना दाराशी कोण उभं आहे याची शुद्ध नव्हती. ते दुष्ट नाहीत, म्हटलं ना. दुष्ट असते तर राग तरी धरता आला असता.

दिवे लावायची वेळ आली तेव्हा ते बराच वेळ लागले नाहीत. अंधारात कुणीतरी खाकरलं. मग लागले.

दुसऱ्या दिवशी दहाला ताईनं मला यंत्रातून काढलं. खोलीत आम्ही दोघीच. आता नळी उभी ठेवायची गरज नव्हती, तरी तिनं चौकटीत उभी केली. मग ओट्याखालून जंतुनाशकाची बाटली काढून झाकण उघडलं आणि माझ्या शेजारी ठेवली. वासानं मी ओळखलं.

"तूच ना ती," ती म्हणाली. "माईला नेणारी तुझ्याच जातीची."

हो ताई. नाकारत नाही. पण माईच्या पोटातल्या त्या पेशीचा माईवर राग नव्हता आणि माझा तुझ्यावर नाही, हे तुला कसं सांगू? राग असता तर निदान कधीतरी तो शमला असता. तू मोठी आहेस, तुला बहीण असते, चिठ्ठीत दोन शब्द राहिले याची खंत असते. त्या सगळ्यासाठी तुझ्या घराण्यानं कोट्यवधी वर्षं घालवली, आतल्या किती जणी उपाशी ठेवल्या, किती मारल्या. मी त्यातलं सगळं टाकून हलकी झाले. तुझी माया मला कळत नाही, फक्त ऐकू येते. घोसात परत जा म्हणशील तर वाट मला माहीत नाही. कुणी माझ्यामागे पुन्हा रोज दहा मिनिटं बसलं, वर्षानुवर्षं, तर माझ्या कुठल्यातरी पणतीची पणती जाईल. पण तेवढी वर्षं तुझ्याकडे नाहीत, आणि दुसरी ताई या इमारतीत नाही. म्हणून एवढंच मागते: ओत ती बाटली. सरांना सांग बुरशी लागली. कुणी विचारणार नाही. अकरा वर्षांत कुणी काही विचारलं नाही.

तिनं बाटली उचलली. नळीच्या तोंडाशी आणली. दोन थेंब ओट्यावर पडले.

मग तिनं बाटली खाली ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. "तुला मारून माई येणार आहे होय?" असं म्हणत तिनं डोळे पुसले, नळी हलवली, मोजून पाव मिली घेतलं आणि नव्या गोड पाण्यात सोडलं.

"खा बाई," ती म्हणाली. "खा."

साखर समोर आली होती. मी खाल्लं.